नवा पॅटर्न दिसला, आता पुढे काय? को-क्रिस्टलची रूपे पारखण्याची रीत

जुलै महिना, बाहेर पावसाने झोड उठवलेली, आणि स्क्रीनवर तुमच्या को-क्रिस्टलच्या (दोन वेगळ्या रेणूंच्या एकत्र स्फटिकाच्या) एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरण विवर्तनाच्या पॅटर्नमध्ये आजवर न दिसलेले तीन-चार पीक उभे. गोव्यात ताळगाव पठारावर एम.एस्सी. करणारी मुलगी असो की वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नुकताच लागलेला ॲनालिस्ट, मनात पहिला विचार हाच येतो: नवा पॉलिमॉर्फ, म्हणजे त्याच पदार्थाचे वेगळ्या रचनेचे रूप, मिळाला. मिळालाही असेल. पण औषध एकटे असते तेव्हा संशयित थोडे असतात. को-क्रिस्टलमध्ये रेणू दोन, म्हणून संशयितही वाढतात. एखादा घटक सुटा पडला असेल. त्या सुट्या घटकाचेच दुसरे रूप तयार झाले असेल. हवेतले पाणी शिरून हायड्रेट बनले असेल, किंवा सॉल्व्हंट अडकून सॉल्व्हेट. एकास एकऐवजी दोनास एक प्रमाणाचे को-क्रिस्टल आले असेल. प्रोटॉन एका रेणूवरून दुसऱ्यावर जाऊन सॉल्ट झाले असेल. हे सगळे बाद केल्यावर जे उरते, तोच पॉलिमॉर्फ.

हा लेख त्या बाद करण्याच्या क्रमाबद्दल आहे. क्रम महत्त्वाचा, कारण यातल्या बऱ्याच चाचण्या नमुन्याचे रूपच बदलून टाकू शकतात. म्हणून आधी पाहायचे; दाबायचे, दळायचे आणि तापवायचे ते त्यानंतर. पुष्कळ ठिकाणी नेमके उलटे चालते: डीएससी (तापवताना शोषलेली किंवा सोडलेली उष्णता मोजणारे यंत्र) रिकामी आहे म्हणून आधी डीएससी.

सरावासाठी कॅफिन आणि ग्लुटॅरिक ॲसिड ही जोडी घ्या. दोन्ही स्वस्त आहेत, दोन्ही सहज मिळतात, आणि त्यांच्या एकास एक को-क्रिस्टलची दोन रूपे चांगली अभ्यासलेली आहेत. केंब्रिजमधल्या ट्रास्क, मदरवेल आणि जोन्स यांनी २००४ मध्ये दाखवले की हीच दोन चूर्णे सायक्लोहेक्झेनसारख्या अध्रुवीय द्रवाचे थेंब टाकून दळली तर फॉर्म १ मिळतो, आणि क्लोरोफॉर्म किंवा पाण्यासारख्या ध्रुवीय द्रवाचे थेंब टाकले तर फॉर्म २. दळणे तेच, घटक तेच, फरक फक्त काही थेंबांचा. शिकण्यासाठी याहून सोयीची जोडी मला ठाऊक नाही.

आधी हे पक्के करा: कशाला पॉलिमॉर्फ म्हणायचे

तेच दोन रेणू, त्याच प्रमाणात, दोन्ही तटस्थ (विद्युतभार नसलेले), सोबत पाणी किंवा सॉल्व्हंट नाही, आणि तरीही स्फटिकातली रचना वेगळी. यातली एक जरी अट मोडली तर तो पॉलिमॉर्फ नव्हे. एकास एक आणि दोनास एक ही दोन वेगळी को-क्रिस्टल आहेत, एकाची दोन रूपे नाहीत. ही चूक छापील शोधनिबंधांतही सापडते.

रचना वेगळी होण्याचे मुख्य मार्ग तीन. रेणू त्याच आकारात, तेच बंध करून, फक्त वेगळ्या पद्धतीने रचले जातात. किंवा रेणूच वळण बदलतो. कॅफिन–ग्लुटॅरिकच्या दोन रूपांत मुख्य फरक ग्लुटॅरिक ॲसिडच्या कार्बन-साखळीच्या पिळाचा आहे. किंवा हायड्रोजन बंधांच्या जोड्याच बदलतात: एका रूपात ॲसिड अमाइडशी जुळते, दुसऱ्यात अमाइड अमाइडशी. या जोड्यांना सिंथॉन म्हणतात. ही कल्पना क्रिस्टल इंजिनिअरिंगमध्ये रुजवली ती गौतम देसिराजू यांनी, १९९५ मध्ये, हैदराबाद विद्यापीठात असताना. सिंथॉन बदलला असेल तर आयआर आणि रामन या रेणूंची कंपने मोजणाऱ्या चाचण्यांत फरक ठळक दिसतो. फक्त रचना बदलली असेल तर आयआर जवळजवळ तसाच राहतो आणि तुम्हाला वाटते काहीच घडले नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पायरी १: घटकांचा संदर्भसंच

को-क्रिस्टल बनवण्याआधी एक आठवडा फक्त घटकांवर घाला. दोन्ही घटकांची मिळतील तेवढी रूपे आणि हायड्रेट बनवून प्रत्येकाचा एक्सआरडी, डीएससी आणि आयआर काढून ठेवा. आमच्या जोडीत हे काम वाटते त्याहून मोठे आहे. कॅफिनची निर्जल रूपे दोन आहेत: खोलीच्या तापमानाला टिकणारे बीटा, आणि सुमारे १४० अंश सेल्सिअसवर त्याचे होणारे अल्फा. त्यात कॅफिनचे हायड्रेट, ज्यात एका रेणूमागे साधारण ०.८ पाणी असते. ग्लुटॅरिक ॲसिडचीही दोन रूपे आहेत, आणि त्यांच्यातला बदल ७५ अंशांच्या आसपास होतो. म्हणजे को-क्रिस्टल जन्माला येण्याआधीच संदर्भाचे पाच पॅटर्न झाले. हा संच जवळ नसेल तर ग्लुटॅरिक ॲसिडच्या दुसऱ्या रूपाचा पीक ‘नवा पॉलिमॉर्फ’ म्हणून सेमिनारमध्ये सादर व्हायला वेळ लागत नाही.

सोबत दोन्ही घटकांचे साधे मिश्रण, न दळता, चमच्याने ढवळून. त्याचाही पॅटर्न काढा. पुढची प्रत्येक तुलना याच्याशी होईल.

पायरी २: नमुना बनवणे, आणि गोव्याची हवा

कॅफिनचा रेणुभार १९४.१९, ग्लुटॅरिक ॲसिडचा १३२.१२. म्हणून १९४ मिग्रॅ कॅफिन आणि १३२ मिग्रॅ ग्लुटॅरिक ॲसिड घ्या. द्रव किती घालायचा हे अंदाजाने नको: एका मिलिग्रॅम घन पदार्थामागे ०.२५ मायक्रोलिटर हे प्रचलित प्रमाण धरले तर ३२६ मिग्रॅला सुमारे ८० मायक्रोलिटर. मायक्रोपिपेटने मोजून टाका. बॉल मिल असेल तर उत्तम. अगेटच्या खलातही काम होते, पण हाताच्या दळण्यात जोर आणि वेळ माणसागणिक बदलतात, आणि पावसाळ्यात खलाचे तोंड उघडे असताना हवेतले पाणी हाच तुमचा न मोजलेला थेंब ठरतो.

गोव्यात हा मुद्दा पुस्तकी नाही. कॅफिन–ग्लुटॅरिकचा फॉर्म १ दमट हवेत फॉर्म २ कडे वळतो. जुलैत सायक्लोहेक्झेनने केलेला प्रयोग फसला आणि जानेवारीत तोच जमला, तर दोष हाताचा समजू नका. प्रयोगवहीत तापमानाशेजारी सापेक्ष आर्द्रतेचा रकाना आखा. साधा डिजिटल आर्द्रतामापक दळण्याच्या टेबलावरच ठेवा, भिंतीवर नाही.

दुसरी गोष्ट दवाची. बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २७ अंशांच्या जवळ येतो. एसी खोलीत २२ अंशांवर असलेली बाटली घेऊन तुम्ही पॅसेजमधून दुसऱ्या इमारतीतल्या एक्सआरडीकडे निघालात की तिच्या काचेवर घाम येणारच. झाकण त्या वेळी उघडले तर तो घाम आत. नमुना दोन पिशव्यांत, मध्ये सिलिका जेल, आणि पोचल्यावर बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण बंद. शिपायाच्या हाती पाठवत असाल तर हे त्याला समजावून सांगा. तो नीट करील. घाई बहुधा साहेबांना असते.

पायरी ३: सूक्ष्मदर्शक

ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक हे सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत स्वस्त साधन. नमुन्याला काही होत नाही, दोन मिनिटे लागतात, आणि एकाच बाटलीत दोन प्रकारचे स्फटिक आहेत का हे डोळ्यांना दिसते. द्रावणातून वाढवलेल्या कॅफिन–ग्लुटॅरिकमध्ये फॉर्म १ काड्यांसारखा आणि फॉर्म २ ठोकळ्यांसारखा येतो, आणि दोन्ही एकाच बाटलीत सोबत वाढू शकतात. आकार हा पुरावा नव्हे, कारण सॉल्व्हंट बदलला तर तेच रूप वेगळ्या आकारात वाढते. पण कुठला स्फटिक चिमट्याने उचलून पुढे न्यायचा ते इथेच ठरते.

हॉट स्टेज (सूक्ष्मदर्शकाचे तापवता येणारे पटल) असेल तर कोफ्लरची संपर्क पद्धत एकदा तरी करून पाहा. काचपट्टीवर जास्त तापमानाला वितळणारा घटक वितळवून गोठवा, मग दुसरा वितळवून कडेने आत सोडा, दोन्ही भिडतील असा. हळूहळू तापवताना सीमेवर दोन वितळलेल्या पट्ट्या आणि त्यांच्या मध्ये न वितळलेली एक पट्टी राहिली, तर मधली पट्टी को-क्रिस्टलची. मधल्या पट्ट्या दोन दिसल्या तर वेगळ्या प्रमाणाचेही को-क्रिस्टल असण्याची शक्यता आहे. कॅफिन मात्र वितळण्याआधीच उडून वरच्या काचेवर बसते, म्हणून ही पद्धत शिकताना दुसरी एखादी जोडी घ्या.

पायरी ४: पावडर एक्सआरडी

इथे रेंगाळणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे दावे या एका आलेखावर उभे राहतात.

टू-थीटा (किरण वळतो तो कोन) ३ किंवा ५ अंशांपासून ४० पर्यंत, कॉपर के-अल्फा किरण, पायरी ०.०२ अंश ही नेहमीची मांडणी. खालच्या बाजूला कंजूषपणा करू नका. को-क्रिस्टलचा युनिट सेल (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा मूळ ठोकळा) मोठा असतो आणि ओळख पटवणारे पीक बऱ्याचदा १० अंशांच्या खालीच येतात.

नमुना होल्डरमध्ये भरताना पृष्ठभाग काठाच्या पातळीत हवा. तो ०.१ मिमी वर राहिला तर १५० मिमी त्रिज्येच्या गोनिओमीटरवर सगळे पीक सुमारे ०.०७ अंशांनी उजवीकडे सरकतात. हे सरकणे ओळखता येते, कारण सगळेच पीक एका दिशेने, साधारण सारखेच सरकतात. खऱ्या नव्या रूपात काही पीक सरकतात, काही नाहीसे होतात, काही नवे येतात. एकाच रूपाचे पीक ०.२ अंशांच्या आत जुळावेत हा अमेरिकन फार्माकोपियाचा संकेत आहे. पण तो नियम आंधळेपणाने लावला तर दोन जवळची रूपे एकच ठरतील. संशय असेल तर नमुन्यात चिमूटभर सिलिकॉन पावडर मिसळा. तिचा २८.४४ अंशांचा पीक पट्टीसारखा वापरून बाकीचे दुरुस्त करा.

दुसरा धोका पसंतीच्या दिशेचा. काड्या आणि पापुद्रे होल्डरमध्ये आडवे पडतात, एका दिशेचे पीक अवाढव्य होतात आणि बाकीचे झोपतात. दोन पॅटर्नमध्ये पीकच्या जागा त्याच आणि फक्त उंची वेगळी असेल तर तो नवा पॉलिमॉर्फ नाही, तुमची भरण्याची पद्धत आहे. यावर नेहमीचा इलाज म्हणजे नमुना बारीक दळणे. पॉलिमॉर्फच्या शोधात तोच इलाज घातक आहे, कारण दळण्याने रूप बदलू शकते. एथेंझामाइड–सॅकरिनच्या को-क्रिस्टलमध्ये तर दळूनच अस्थिर रूप मिळते. म्हणून आधी न दळलेला पॅटर्न, मग हलक्या हाताने मोडलेल्या नमुन्याचा, आणि दोन्ही वहीत. होल्डर फिरता असेल तर तो फिरवा. काचेच्या केशनळीत भरून पारगमनाने मोजता आले तर सर्वांत बरे.

तुलना करताना हा क्रम ठेवा. नव्या पॅटर्नमधून पहिल्या पायरीतल्या प्रत्येक संदर्भाचे पीक एकेक करून खोडा. उरलेल्यांतून ज्ञात को-क्रिस्टलचे खोडा. त्यानंतरही पीक शिल्लक असतील तर पुढे जा. शिल्लक पीक दोन-तीनच आणि क्षीण असतील तर ते अशुद्धीचे आहेत असे आधी माना आणि तसे नाही हे सिद्ध करा. काही टक्क्यांच्या खालचा दुसरा घटक साध्या यंत्रावर दिसतही नाही, म्हणून ‘शुद्ध रूप’ हा शब्द जपून वापरा.

ज्ञात रूपाची स्फटिकरचना केंब्रिज स्ट्रक्चरल डेटाबेसमध्ये असेल तर तिची सीआयएफ फाइल घेऊन मर्क्युरी सॉफ्टवेअरमध्ये पावडर पॅटर्न काढता येतो. इथे एक खाच आहे. ती रचना बहुतेक वेळा १०० किंवा १५० केल्विनवर मोजलेली असते आणि तुमचा नमुना ३०० केल्विनवर. थंडीत जाळी आकसते, पीक उजवीकडे जातात, आणि सगळ्या अक्षांवर सारखी आकसत नसल्याने काही पीक जास्त जातात, काही कमी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे हमखास वेगळे रूप वाटते. फाइलमधले तापमान वाचल्याशिवाय तुलना करू नका.

पायरी ५: प्रमाण आणि पाणी

आता प्रश्न: आत काय आहे आणि किती? नमुना ड्युटेरियमयुक्त डीएमएसओमध्ये विरघळवून प्रोटॉन एनएमआर (रेणूतले हायड्रोजन दाखवणारी चाचणी) काढा आणि दोन्ही घटकांच्या सुट्या पीकची क्षेत्रफळे ताडून पाहा. एकास एक आले तर ठीक, दोनास एक आले तर ते वेगळे को-क्रिस्टल आहे. अडकलेला सॉल्व्हंटही याच आलेखात उघडा पडतो. एनएमआर नसेल तर एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) चालते, पण ग्लुटॅरिक ॲसिडसारखा यूव्हीत जेमतेम दिसणारा को-फॉर्मर (औषधासोबतचा दुसरा रेणू) असेल तर साधे अल्कली टायट्रेशन जास्त विश्वासाचे. एक लक्षात असू द्या: एकास एक आकडा साध्या मिश्रणालाही येतो. ही चाचणी पॅटर्नसोबत वाचायची, एकटी नाही.

पाण्यासाठी टीजीए (तापवताना घटणारे वजन मोजणारे यंत्र) आणि कार्ल फिशर (पाणी मोजणारे टायट्रेशन). कॅफिनचे हायड्रेट पूर्ण तयार झाले असेल तर त्याचे वजन सुमारे ६.९ टक्क्यांनी घटायला हवे. तुमच्या नमुन्यात १ टक्का घट दिसली तर एक तर ते पाणी पृष्ठभागावरचे, नाहीतर थोडेसेच हायड्रेट. टीजीएचा पॅन उघडा असतो, म्हणून पुढच्या तापमानाला उडणारा को-फॉर्मरही वजन घटवतो. घट कुठल्या तापमानाला सुरू होते ते पाहा, फक्त आकडा नको.

पायरी ६: डीएससी

यंत्र इंडियमवर तपासून घ्या: वितळणे १५६.६ अंश, उष्णता सुमारे २८.५ जूल प्रतिग्रॅम. नमुना २ ते ५ मिग्रॅ, मिनिटाला १० अंश, आणि झाकणाला सुईचे भोक आहे की नाही ते वहीत लिहा, कारण हायड्रेटचा पीक भोकानुसार जागा बदलतो.

को-क्रिस्टलच्या डीएससीत एक जुना सापळा आहे. साधे, न दळलेले मिश्रण जरी यंत्रात टाकले तरी तापताना आधी युटेक्टिक (दोन घटकांचे सर्वांत कमी तापमानाला वितळणारे मिश्रण) वितळते, त्या द्रवात दोन्ही घटक भेटतात, तिथेच को-क्रिस्टल तयार होते आणि मग तेच पुढे वितळते. म्हणजे को-क्रिस्टलचा वितळण्याचा पीक दिसला हा बाटलीत को-क्रिस्टल होते याचा पुरावा नाही. ते कदाचित पॅनमध्येच जन्मले. मिनिटाला २, १० आणि ५० अंश अशा तीन वेगांनी धावा काढा. वेग वाढवल्यावर आधीचा पीक मोठा आणि नंतरचा लहान होत असेल, तर नंतरचे रूप यंत्रात तयार होत आहे. पॉलिमॉर्फलाही हीच कसोटी लागू.

दोन्ही रूपे शुद्ध मिळाली असतील तर बर्गर आणि रामबर्गर यांचे १९७९ चे नियम कामाला येतात. समजा रूप ‘अ’ १४२ अंशांवर वितळते आणि त्याची वितळण्याची उष्णता ११० जूल प्रतिग्रॅम. रूप ‘ब’ १३६ अंशांवर, उष्णता १२२. जास्त तापमानाला वितळणाऱ्याची उष्णता कमी, म्हणून जोडी एनॅन्शिओट्रॉपिक: कुठल्यातरी तापमानाखाली ‘ब’ स्थिर, त्याच्या वर ‘अ’. ‘अ’ची उष्णताच जास्त असती तर जोडी मोनोट्रॉपिक, म्हणजे वितळेपर्यंत ‘अ’च स्थिर. तापवताना एक रूप दुसऱ्यात जाताना दिसले तर तोही पुरावा: उष्णता शोषून घेत बदलले तर एनॅन्शिओट्रॉपिक, उष्णता बाहेर टाकत बदलले तर बहुधा मोनोट्रॉपिक. हे नियम एकट्या रेणूसाठी मांडलेले होते. को-क्रिस्टल वितळताना घटकांत फुटत असेल किंवा को-फॉर्मर उडत असेल तर वितळण्याच्या उष्णतेचा आकडा फसवा असतो. अशा वेळी नियम बाजूला ठेवून थेट नवव्या पायरीकडे जा.

पायरी ७: आयआर, रामन आणि सॉल्टचा प्रश्न

पॉलिमॉर्फचा दावा करण्याआधी दोन्ही नमुन्यांत प्रोटॉन कुठे आहे हे कळलेच पाहिजे. ढोबळ अंदाज पीकेएच्या (ॲसिडची ताकद सांगणाऱ्या आकड्याच्या) फरकातून येतो: बेसच्या संयुग्मी ॲसिडच्या पीकेएतून ॲसिडचा पीकेए वजा करा. उत्तर शून्याखाली असेल तर को-क्रिस्टल, ३ च्या वर असेल तर सॉल्ट, मधले काहीही होऊ शकते. कॅफिनसाठी ०.६ आणि ग्लुटॅरिकसाठी ४.३ धरले तर उत्तर उणे ३.७. इथे वाद नाही. पिरिडिन वर्गातले औषध आणि डायकार्बॉक्झिलिक ॲसिड घेतले की वाद सुरू होतो.

आयआरमध्ये तटस्थ ॲसिडचा कार्बोनिल १७०० वेव्हनंबरच्या आसपास बसतो, कार्बॉक्झिलेट झाले तर तो जाऊन १५५० ते १६०० च्या पट्ट्यात नवा येतो. ॲसिड–पिरिडिन बंध तटस्थ असेल तर २४५० आणि १९५० जवळ दोन रुंद, पसरट उंचवटे दिसतात. एटीआरचा (आयआरसाठी नमुना दाबून धरण्याच्या पद्धतीचा) दाब नमुना बदलू शकतो, म्हणून मोजणीनंतर तोच नमुना खरवडून पुन्हा एक्सआरडीत टाका. केबीआरची (पोटॅशियम ब्रोमाइडची) पेलेट पावसाळ्यात करूच नका. ती दुधाळ होते आणि ३४०० चा पाण्याचा डोंगर सगळे झाकतो.

रामन मला जास्त आवडतो. बाटली न उघडता, काचेतून मोजता येतो. यंत्र २०० वेव्हनंबरच्या खाली जात असेल तर जाळीची कंपने दिसतात, आणि फक्त रचना बदललेली रूपेही तिथे वेगळी दिसतात.

घनस्थितीतला कार्बन-१३ एनएमआर मिळाला तर प्रत्येक कार्बनचा एकच पीक आहे की दोन ते मोजा. दोन असतील तर एका असमित एककात (स्फटिकाच्या सर्वांत लहान स्वतंत्र भागात) तो रेणू दोन वेगवेगळ्या परिस्थितींत आहे, किंवा नमुना दोन रूपांचे मिश्रण आहे. यातले कुठले, ते एक्सआरडी सांगेल. नायट्रोजन-१५ प्रोटॉनची जागा सांगण्यात सर्वांत स्पष्ट, पण त्याला यंत्रवेळ फार लागतो.

पायरी ८: एकल स्फटिक

शेवटचा शब्द याचाच. ०.१ ते ०.३ मिमीचा, स्वच्छ, ध्रुवित प्रकाशात एकसारखा काळोखा होणारा स्फटिक हवा. हळू बाष्पीभवनासाठी बाटलीवर पॅराफिल्म आणि दोन-तीन भोके. पावसाळ्यात इथेनॉल बाहेर जाते त्याच वेळी पाणी आत येते, आणि शेवटी तुम्ही निवडलेल्या सॉल्व्हंटऐवजी पाणी-इथेनॉलच्या मिश्रणातून स्फटिक वाढतो. म्हणून एक तर बाटल्या सिलिका जेल असलेल्या डेसिकेटरमध्ये ठेवा, नाहीतर हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीसाठी राखून ठेवा.

रचना सुटल्यावर प्रोटॉनच्या जागेवर डोळे झाकून विसंबू नका. एक्स-किरणांना हायड्रोजन नीट दिसत नाही. कार्बन–ऑक्सिजन बंधांची लांबी पाहा: एक १.२१ आणि दुसरी १.३१ अँगस्ट्रॉमच्या आसपास असेल तर ॲसिड तटस्थ, दोन्ही १.२५ जवळ असतील तर कार्बॉक्झिलेट. मग या रचनेतून काढलेला पॅटर्न तुमच्या पावडरशी जुळतो का ते बघा. हे विसरले जाते. तुम्ही उचललेला एक सुंदर स्फटिक बाटलीतल्या उरलेल्या पावडरचा प्रतिनिधी असेलच असे नाही.

पायरी ९: कोणते रूप टिकणार

दोन्ही रूपे सारख्या प्रमाणात घेऊन थोड्या सॉल्व्हंटमध्ये, पूर्ण विरघळणार नाहीत इतक्यात, काही दिवस ढवळत ठेवायची. ज्याची विद्राव्यता जास्त ते रूप विरघळत जाते, दुसरे वाढते, आणि त्या तापमानाला उरते ते स्थिर. १०, २५ आणि ४० अंशांवर वेगवेगळ्या बाटल्या लावल्या तर एनॅन्शिओट्रॉपिक जोडीत कुठल्या टप्प्यात विजेता बदलतो तेही कळते.

को-क्रिस्टलमध्ये मात्र सॉल्व्हंटची निवड हीच परीक्षा. ग्लुटॅरिक ॲसिड पाण्यात भरपूर विरघळते, कॅफिन २५ अंशांवर लिटरमागे जेमतेम २० ग्रॅम. को-क्रिस्टल पाण्यात ढवळले तर ग्लुटॅरिक द्रावणात निघून जाते आणि तळाशी कॅफिन हायड्रेट बसते. स्पर्धा दोन रूपांची होती, जिंकला तिसराच. म्हणून दोन्ही घटकांची विद्राव्यता जवळपास सारखी असलेला सॉल्व्हंट शोधा, किंवा जास्त विरघळणाऱ्या घटकाने द्रावण आधीच भरून घ्या. नमुना तपासताना तो गाळून वाळवू नका, ओलाच कॅप्टॉन फिल्मखाली (क्ष-किरण आरपार जाऊ देणाऱ्या प्लास्टिकखाली) मोजा. वाळताना रूप बदलले तर सगळा खटाटोप वाया.

आर्द्रतेसाठी डीव्हीएस यंत्र (आर्द्रता बदलत नमुन्याचे वजन मोजणारे) नसेल तर संतृप्त मिठांच्या द्रावणांचे डेसिकेटर लावा. २५ अंशांना मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्के, पोटॅशियम कार्बोनेट ४३, सोडियम क्लोराइड ७५, पोटॅशियम सल्फेट ९७. सोडियम क्लोराइड शुद्धच वापरा. रायबंदरच्या मिठागरातले मीठ जेवणाला कितीही चवदार असले तरी त्यात मॅग्नेशियमची मिठे असतात. पावसाळ्यात आपल्या घरच्या बरणीतले जाडे मीठ पाणी सोडते ते त्यांच्यामुळेच, आणि डेसिकेटरची आर्द्रताही त्यांच्यामुळे ७५ वर ठरत नाही. नमुने १, ३, ७ आणि ३० दिवसांनी काढून लगेच एक्सआरडी काढा. त्यासोबत ४० अंश आणि ७५ टक्के ही त्वरित स्थिरतेची आयसीएच (औषध-नियमांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची) अट लावा. आमच्या जोडीचा फॉर्म १ इथे डोळ्यांसमोर फॉर्म २ कडे जाताना दिसेल.

खोलीतले बीज

एक रूप महिनोन्महिने मिळते आणि अचानक मिळेनासे होते, किंवा याच्या उलट. ड्युनिट्झ आणि बर्नस्टाइन यांनी १९९५ मध्ये ‘नाहीशा होणाऱ्या’ पॉलिमॉर्फवर लिहिले ते याबद्दलच. को-क्रिस्टलमधले सर्वांत बोलके उदाहरण कॅफिन आणि बेंझोइक ॲसिडचे. साठ वर्षांहून अधिक काळ ही जोडी कुणाला जमली नव्हती. बुचार, डे आणि जोन्स यांच्या गटाने फ्लोरोबेंझोइक ॲसिडाच्या समरूप को-क्रिस्टलचे बीज टाकून ती २०१३ मध्ये जमवली, आणि त्यानंतर त्या प्रयोगशाळेत ती बीज न टाकताही तयार होऊ लागली.

म्हणून नव्या रूपाचा शोध आणि जुन्या रूपाचे उत्पादन एकाच टेबलावर नको. खल वेगळे, स्पॅट्युला वेगळे, शक्य असेल तर ॲप्रनही. फॉर्म २ चा नमुना आधी हाताळला आणि मग फॉर्म १ बनवायला बसलात, तर आर्द्रतेला दोष देण्याआधी हात धुतले होते का ते आठवा.

कागदोपत्री

अमेरिकेच्या औषध नियामकाच्या, एफडीएच्या, २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार को-क्रिस्टल हे नियामक वर्गीकरणात मूळ औषधाच्या पॉलिमॉर्फसारखे धरले जाते, नवे औषध म्हणून नाही. भारतात पेटंटचा विचार असेल तर पेटंट कायद्याचे कलम ३(ड) आधी वाचा. त्याच्या स्पष्टीकरणात पॉलिमॉर्फ, कॉम्प्लेक्स आणि कॉम्बिनेशन ही नावे घेऊन सांगितले आहे की परिणामकारकतेत लक्षणीय फरक नसेल तर ते ज्ञात पदार्थच मानायचे. इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा रूपाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी याच कलमावर फेटाळला. परिणामकारकता म्हणजे उपचारातली परिणामकारकता, असे न्यायालयाने धरले. नवे रूप कमी ओलसर होते किंवा गोळीत चांगले दाबले जाते, एवढ्याने तिथे भागत नाही.

प्रबंधात किंवा अहवालात फक्त ‘फॉर्म २’ लिहू नका. तुमचा फॉर्म २ हा दुसऱ्या गटाचा फॉर्म १ असू शकतो. प्रत्येक रूपासोबत तीव्रतेसकट पीकची यादी, युनिट सेल आणि तो मोजतानाचे तापमान, बनवण्याची पद्धत, सॉल्व्हंटचे मायक्रोलिटर आणि त्या दिवशीची आर्द्रता द्या. रचना सुटली असेल तर सीआयएफ केंब्रिजच्या डेटा केंद्रात जमा करून मिळालेला क्रमांक जोडा. आणि प्रत्येक रूपाचा थोडा नमुना काचेच्या सीलबंद नळीत, अंधारात, तारखेसह ठेवा. परीक्षक तो पुन्हा मोजायला सांगू शकतो, आणि बहुधा पावसाळ्यातच सांगतो.